पावाची कड

धाकटी दारात आली तेव्हा तिच्या कानातून रक्त ओघळत होतं, आणि ताई एका पोस्टचा शेवट शोधत होती.

ताईला शेवट गोड लागायचा. रोज सकाळी ती ओट्याशी उभी राहून चहाचं आधण ठेवी आणि ते उकळेपर्यंत उजव्या अंगठ्याने फोनवर लिही. बसून लिहायला गेली की शब्द पळून जातात, असं तिचं म्हणणं होतं. पानाचं नावच तिने 'चहा उकळेपर्यंत' ठेवलं होतं आणि त्याखाली एक ओळ टाकली होती: पाहिलं तेवढंच लिहिते. ओळ खरी होती. दुपारी ती चष्म्याच्या दुकानात काउंटर सांभाळी. तिथली गिऱ्हाइकं, घरातला कवळ्या बनवणारा नवरा, जिन्यातली मांजर, एवढीच तिची शिदोरी. देवाला हात जोडावेत तसं तिचं ते लिहिणं होतं. ताप असला तरी चुकायचं नाही. वाचणारे खूप नव्हते, पण जे होते ते घरच्यासारखे. सगळे तिला ताईच म्हणत.

"घसरले," धाकटी म्हणाली. अजून कुणी काही विचारलंही नव्हतं.

"कुठे?"

"बाथरूममध्ये."

"कानावर घसरलीस?"

धाकटी चप्पल काढायला वाकली. एका पायातली चप्पल तुटली होती, तिला सेफ्टी पिन लावली होती. डाव्या कानात कानातलं नव्हतंच, त्या जागी पाळी दुभंगून लोंबत होती. गळ्यावर चार बोटं उठली होती आणि पाचवं मागे, केसांखाली. ताईने तिला आत ओढलं, दार लावलं, आणि मग तिला वास आला. आधण आटून भांडं जळत होतं.

दोघी बहिणी वर्षभर एकमेकींशी बोलत नव्हत्या. त्याचं कारणही एक पोस्टच होती. तिच्याकडे येऊच आपण.

आधी धाकटीचा नवरा. तो काचवाला. खिडक्या, दारं, दुकानांच्या दर्शनी काचा बसवायचा. हात सोन्यासारखे, बोलणं त्याहून गोड. ताईच्या स्वयंपाकघरातून गॅलरीत जायचं जे दार आहे, त्याची माणसाएवढी काच त्यानेच बसवली होती. "टफन्ड टाकलीय ताई," तो म्हणाला होता, "हत्ती आपटला तरी फुटायची नाही. आणि फुटलीच तर साखरेसारखे दाणे होतात, कुणाला लागत नाही. घरचं काम आहे, लक्ष घालून केलंय." ताईच्या पानावर सकाळी पहिलं लाल बदाम त्याचंच असे. खाली दोन शब्द: वा ताई. ताईला ते आवडायचं. जवळच्या माणसाने वाचलं की कुणालाही आवडतं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी कानात दिवा घालून पाहिलं. पडदा फाटला होता. पाळीला टाके घातले, मग धाकटीच्या बरगडीवर हात ठेवला, तशी ती गुरासारखी हंबरली. पाठीवर लांब, सरळ, एकसारखे वळ होते, आखून काढल्यासारखे. काच कापताना रेघ सरळ यावी म्हणून जी लोखंडी पट्टी धरतात, तिचे.

"कशाने झालं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"घसरले."

"पायरीवर पायरी असा जिना होता वाटतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि कागदावर काहीतरी लिहीत राहिल्या. चेहरा वर केला नाही. असले जिने त्यांनी बरेच पाहिले असावेत.

पोलिसांत जायला धाकटी तयार नव्हती. मागे एकदा गेली होती. तिथल्या साहेबाने काचवाल्याला बोलावून दोघांना चहा पाजला, समजूत घातली आणि घरी पाठवलं. घरी आल्यावर काचवाल्याने आतून कडी घातली होती. पुढचं ती सांगत नव्हती. एवढंच म्हणाली, "आता मला त्याने धरलं ना ताई, तर मी जिवंत राहत नाही. तो म्हणालाय. चिडून नाही म्हणाला. जेवताना म्हणाला, मीठ मागावं तसं."

ताईच्या नवऱ्याने मग त्याच्या परीने सूत्रं हलवली. कवळीवाला बोलायला थट्टेखोर, पण वेळेला उभा राहणारा. लांबच्या शहरात त्याच्या ओळखीच्या दंतवैद्य बाई होत्या, त्यांना मदतनीस हवी होती, राहायची सोय तिथेच वर. रविवारच्या गाडीचं तिकीट काढलं. "तोपर्यंत," तो धाकटीला म्हणाला, "तू ह्या घरात नाहीस. गॅलरीत जायचं नाही. शिंक आली तर माझ्या नावावर शिंकायची."

काचवाला त्याच संध्याकाळी येऊन गेला होता. कवळीवाल्याने त्याला जिन्यातच गाठलं. "इथे कशी येईल?" तो म्हणाला. "दोघी वर्षभर एकमेकींचं तोंड बघत नाहीत. हिच्या त्या पोस्टवरून वाजलंय त्यांचं, तुम्हालाही माहीत आहे." काचवाल्याला माहीत होतं. त्याने मान हलवली, ताईंना नमस्कार सांगा म्हणाला आणि गेला.

तर ती पोस्ट. 'आप्पांचा पट्टा' तिचं नाव. ताईच्या पानावर त्याहून जास्त कुठलीच गाजली नाही. त्यात आप्पा, म्हणजे दोघींचे वडील, संध्याकाळी कामावरून येत, कमरेचा पट्टा काढून खुंटीला लावत, आणि त्या आवाजाने मुली पलंगाखाली, बादलीमागे, जिथे मिळेल तिथे लपत. धाकटी एकदा पिठाच्या डब्यात लपली आणि पांढरी होऊन बाहेर आली, तेव्हा आप्पांनाच हसू फुटलं, असा त्याचा शेवट होता. लोक हसून हसून रडले. 'असे बाप आता कुठे राहिले,' असं कुणीकुणी लिहिलं. धाकटीने फोन करून एवढंच विचारलं होतं, "हसू फुटल्यावर आप्पांनी काय केलं, ते का नाही लिहिलंस?" आणि ठेवला होता.

आता मागच्या खोलीत, कानाला बोळा लावून, ती ते पुन्हा काढत होती.

"माझा दात पडला होता त्या दिवशी. पिठात शोधत होतीस तू."

"आठवतं मला," ताई म्हणाली.

"मग?"

"लोक सकाळी वाचतात, बबडे. चहा पिताना. त्यांच्या घशात दात कसा घालू?"

धाकटी हसली. हसल्याने बरगडी दुखली म्हणून थांबली. "तो मला तुझी पोस्ट वाचून दाखवायचा. पाठ झाली होती त्याला. म्हणायचा, बघ, तुझी सख्खी बहीण लिहिते. आप्पा पट्टा काढायचे आणि तुम्ही हसायचात. मग माझ्याच वेळी तुझं थोबाड का वाकडं होतं? हस की." तिने पांघरूण गळ्यापर्यंत ओढलं. "आणि मी हसायचे, ताई. पट्टी हातात असायची त्याच्या. कोण नाही हसणार?"

ताई उठून ओट्याशी गेली. आधण ठेवलं. फोन हातात घेतला आणि परत ठेवला. त्या दिवशी तिने काही लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. चहा दोन्ही वेळा उतू गेला.

वाचणारे विचारू लागले. ताई, गॅस संपला का. ताई, बरं आहे ना. एका आजोबांनी लिहिलं, सकाळ सुनी गेली. नेम मोडला की माणूस कसा होतो, ते नेम पाळणाऱ्यालाच ठाऊक. उजवा अंगठा उगाचच ओट्याच्या कडेवर हलत राही. दुकानात एका गिऱ्हाइकाला तिने दुसऱ्याचा चष्मा दिला. आणि वर मनाला एक शहाणपणही सुचलं: अचानक लिहिणं बंद केलं तर त्यालाच संशय येईल. रोजच्यासारखं लिहायला हवं. जिन्यातल्या मांजरीवर लिहावं.

मांजरीवर लिहून झालं असतं तर हे सांगायची वेळच आली नसती.

पण त्या सकाळी धाकटी स्वयंपाकघरात येऊन बसली होती. तिला पाव दिला होता, साधा कापलेला पाव, कारण चावताना कान ठणकत होता. लहानपणापासूनची तिची खायची एक रीत होती. आधी ती चारी बाजूंची कड खायची. वाळकी, चिवट कड, बारीक बारीक चावे घेत, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. मग बशीत मधला मऊ चौकोन उरायचा, तो क्षणभर नुसता बघायची आणि शेवटी तोंडात टाकायची. आता टाके, सुजलेला गाल, काळा पडलेला गळा, आणि तरी आधी कडच. प्रत्येक चाव्याला डोळ्यांत पाणी येत होतं आणि ती चौकोनाला हात लावत नव्हती.

ताईच्या अंगठ्याला ते दिसलं. तिला नंतरही असंच वाटत राहिलं, की मनाच्या आधी अंगठ्याने पाहिलं.

तिने बसच्या शेडमधली एक अनोळखी मुलगी केली. गाल गाळला, गळा गाळला. फक्त पाव ठेवला. 'कड आधी. कोपरा न कोपरा चावून, सगळं वाळकं संपवून, मऊ चौकोन शेवटी. सुख पुढे ढकलत आलेली माणसं अशी खातात. बस आली आणि मी निघाले, पण मनात म्हटलं, बाई गं, तुझ्या बशीतला तो चौकोन कुणी उचलून नेऊ नये.' तिने ते दोनदा वाचलं. गेल्या कित्येक दिवसांत इतकं नेटकं काही उतरलं नव्हतं. चहा उकळायच्या आत तिने ते पानावर टाकलं.

पहिलं बदाम लगेच आलं. काचवाल्याचं. खाली शब्द मात्र नव्हते. ताईने ते पाहिलं, आणि खरं सांगायचं तर तिला बरंच वाटलं. तो रोजच्यासारखा वाचतोय, म्हणजे त्याला काही कळलेलं नाही. दिवसभर बदामं येत राहिली. 'आप्पांचा पट्टा' मागे पडतो की काय, असं वाटायला लागलं. धाकटीला तिने दाखवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कवळीवाला कारखान्यात गेला. जाताना म्हणाला, "उद्या रविवार. आजचा दिवस दोघी भांडून काढा." धाकटी ओट्याशी पाव खात होती. कड संपली होती. आणि बेल वाजली.

एकदाच, लांब, दबलेली. बोटाने दाबलेली बेल तशी वाजत नाही. दोन्ही हातांत काच धरून फिरणारा माणूस सवयीने कोपराने दाबतो, तशी वाजली.

धाकटीला ती बेल ओळखू आली. तिने आवाज न करता स्टूल मागे केलं, मागच्या खोलीत गेली, आणि आतून कडी लागल्याचा बारीक आवाज आला. ताई श्वास धरून उभी राहिली. घरी कुणी नाही असं भासवता आलं असतं. पण ओट्यावरचा फोन वाजू लागला. तोच करत होता. दाराबाहेर त्याला ती रिंग स्वच्छ ऐकू येत असणार.

ताईने फोन कापला, नवऱ्याला एकच अक्षर लिहिलं, 'ये', आणि दार उघडलं.

"ताई," काचवाला म्हणाला. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट, खांद्याला हत्यारांची पिशवी. तिच्यातून लोखंडी पट्टीचं टोक वर आलेलं. "इकडे कामाला आलो होतो. म्हटलं गॅलरीच्या दाराच्या काचेची पुट्टी बघून जावं. बरेच दिवस झाले."

"बसा," ताई म्हणाली. दुसरं काय म्हणणार? "चहा टाकते."

"तुमच्या हातचा चहा म्हणजे उकळेपर्यंत वाट बघायला हवी," तो हसला आणि स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसला. "कालचं छान होतं."

"हं."

"पावाचं. डोळ्यांसमोर उभं केलंत अगदी." त्याने पिशवी मांडीवर घेतली. "कुठल्या शेडमध्ये दिसली ती?"

"मोठ्या नाक्यावरच्या."

"बनवून लिहिलं असेल म्हणा थोडं."

"मी बनवत नाही," ताईच्या तोंडून सवयीने गेलं.

"तेच ना," तो म्हणाला. "पाहिलं तेवढंच. म्हणून तर विचारतोय. माझी बायको असाच पाव खाते, ताई. लग्नानंतर पहिल्या दिवशी मी तिच्या बशीतला तो मधला तुकडा गमतीने उचलून खाल्ला, तर रडली. एवढ्याशा पावासाठी. जगात असं खाणाऱ्या बायका दोन नसणार."

आधणाला बुडबुडे येऊ लागले. ताईने आजवर एकही गोष्ट रचली नव्हती. आता रचायला घेतली, ती अशी माणसाच्या डोळ्याला डोळा भिडवून.

"तीच होती," ती म्हणाली. "मीच नाव गाळलं. आमचं बोलणं नाही, तुम्हाला माहीत आहे. ती शेडमध्ये बसली होती, मी पलीकडून बघितलं. हाक मारली नाही."

"काय घातलं होतं?"

"अंगावर शाल होती, खालचं दिसलं नाही. पायात चप्पल दिसली. एकीचा अंगठा तुटलेला, सेफ्टी पिन लावलेली."

काचवाल्याचे डोळे बारीक झाले. चप्पल त्याच्याच घराच्या उंबऱ्यावर तुटली होती, त्याने मागून पाय दिला तेव्हा. "कुठल्या बसमध्ये चढली?"

"बंदराकडच्या. पिशवी होती हातात. मला वाटलं, तुम्हीच पाठवली असेल कुठे."

तिने चहा गाळून कप त्याच्यापुढे ठेवला. मग सुस्कारा सोडून त्याने चहा घेतला, बशीत न ओतता, मोठमोठ्या घोटांनी, पटकन निघायचं असलेल्या माणसासारखा. "आधी सांगितलं असतंत तर माझी वणवण वाचली असती, ताई," तो म्हणाला.  गोष्ट चालली होती. त्याने विश्वास ठेवला होता. उद्या गाडी होती.

आणि तो उठला. आपला कप आपण ठेवावा, एवढी रीत त्याला होती. तो ओट्याकडे वळला.

ओट्यावर बशी होती. बशीत पावाचा एक मऊ पांढरा चौकोन होता, चारी बाजूंनी नीट चावून काढलेला.

काचवाल्याने कप ठेवला. चौकोन दोन बोटांनी उचलला, दाबून पाहिला, तोंडात टाकला आणि चावला.

"ताजा आहे," तो म्हणाला.

त्याचा पहिला फटका ताईच्या तोंडावर बसला. उलट्या हाताचा. ती ओट्यावर कोसळली, चहाचं भांडं उलटलं, ऊन चहा फरशीवर पसरला. तिला ओठाच्या आत काहीतरी टणक लागलं. दात. पिठात शोधलेला तो दात तिला आठवला, एवढ्या गडबडीतही.

"खोटारडे," तो म्हणाला. आजवर कधी त्याने तिला अगंतुगं केलं नव्हतं. "माझ्या बायकोला चोरून ठेवतेस आणि वर जगाला वाचून दाखवतेस. कुठल्या बोटाने लिहितेस गं?"

त्याने तिचा उजवा हात मनगटात धरून ओट्यावर दाबला. त्याला माहीत होतं कुठल्या. दहा वेळा पाहिलं होतं. त्याने अंगठा मुठीत घेतला आणि मागे, मनगटाकडे, सावकाश वाकवला, काच मोडताना रेघेवर जोर देतात तसा. कट्ट आवाज आला. ताई ओरडली, आणि आपण ओरडलो हे तिला दुसऱ्या कुणाचा आवाज ऐकावा तसं कळलं.

आतल्या खोलीची कडी निघाली.

"सोड तिला," धाकटी दारात उभी होती. "मी येते. चल. सोड तिला."

त्याने ताईला सोडलं. पिशवीतून पट्टी काढली. धाकटीकडे गेला आणि ती काही बोलायच्या आत तिच्या टाके घातलेल्या कानावरच ती मारली. ती भिंतीला धडकून खाली आली. त्याने केस धरून तिला उठवलं, पुन्हा मारलं, पाठीवर, दंडावर, वर केलेल्या हातांवर. तोंडाने काही बोलत नव्हता. नुसता श्वास. काम करणाऱ्या माणसाचा असतो तसा, एका लयीतला. भिंतीवर लाल शिंतोडे उठले. "हस," तो मध्येच म्हणाला. "आप्पांच्या वेळी हसायचीस ना? हस."

ताई फरशीवरून सरकत गेली आणि तिने त्याचा पाय दोन्ही हातांनी धरला. मोडलेला अंगठा त्याच्या पोटरीखाली आला, तिच्या डोळ्यांपुढे अंधार झाला, तरी धरला. त्याने दुसऱ्या पायाने तिच्या छातीत लाथ मारली. दुसरी मारली. तिसऱ्या लाथेसाठी त्याने पाय उचलला तेव्हा तो एका पायावर होता, पाठ गॅलरीच्या दाराकडे, आणि धाकटीचे केस क्षणभर त्याच्या मुठीतून सुटले.

धाकटी त्याच्यावर गेली. हातांनी नाही, हात वर होत नव्हते. डोकं खाली घालून, खांद्याने, सगळ्या अंगाचा भार टाकून, ती त्याच्या पोटात घुसली. तो मागे गेला. आणि काचेवर आपटला.

काच फुटली. साखरेसारखे दाणे काही झाले नाहीत. तिचे पात्यासारखे लांब तुकडे झाले, माणसाच्या हाताएवढे, आणि वरचे वरून खाली आले. घरच्या कामाला त्याने टफन्ड टाकलीच नव्हती. साधी काच लावली होती.

तो चौकटीत अर्धा आत, अर्धा बाहेर पडला. मांडीच्या वरच्या बाजूला, जांघेपाशी, एक तुकडा आत शिरला आणि त्याच्याच वजनाने मोडून बाजूला पडला. रक्त उडी घेतल्यासारखं बाहेर आलं, थांबलं, पुन्हा आलं. त्याने ते पाहिलं. काच कुठे कापते, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार? त्याच्या चेहऱ्यावरचा राग पुसला गेला आणि तिथे एक अगदी लहान मुलगा आला.

"दाबा," तो म्हणाला. "ताई. दाबून धरा."

स्वयंपाकघर एकदम शांत झालं. फक्त फोन ओट्यावर थरथरत होता. वाचणारे जागे झाले होते. स्क्रीन उजळे आणि विझे. ताई, आज काय? ताई, चहा झाला का?

ताई ओट्याचं फडकं घेऊन त्याच्यापाशी गेली. उजवा हात कामाचा नव्हता. तिने फडक्याची घडी जखमेवर ठेवली आणि वर गुडघा रोवला.

"सोड त्याला," मागून धाकटी म्हणाली. भिंतीला टेकून बसली होती. एक डोळा मिटला होता. आवाज साधा होता. "ताई. सोड. आपोआप होईल."

"मला नाही सोडता येत, बबडे."

"आज सोडलंस तर उद्या गाडीने जावं पण लागणार नाही मला."

ताईने गुडघा आणखी रोवला. गुडघ्याखाली काहीतरी धडधडत होतं, आधी जोरात, मग कमी. ओठांतल्या ओठांत ती काहीतरी म्हणत होती. रोज सकाळी आधण ठेवताना घ्यायची तेच देवाचं नाव. धाकटी तिच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मग धर. मी नाही धरणार," आणि तोंड फिरवलं.

काचवाल्याचे डोळे धाकटीवर खिळले होते. "तू ढकललंस," तो पांढऱ्या ओठांनी म्हणाला. "सांगतो सगळ्यांना. आत टाकतो तुला. ढकललंस." आणि त्याची मान कलली.

कवळीवाला धापा टाकत आला तेव्हा त्याला पहिल्यांदा थट्टा सुचली नाही. त्याने धाकटीला पांघरूण दिलं, फोन लावले, आणि दवाखान्याची गाडी येईपर्यंत ताईच्या गुडघ्याच्या जागी आपले दोन्ही हात लावून बसला. काचवाल्याला स्ट्रेचरवरून नेलं तेव्हा तो जिवंत होता. जगेल, असं स्ट्रेचर उचलणाऱ्यांतला एकजण म्हणाला. बाईंनी वेळेवर दाबलं म्हणून.

मग पोलीस आले. दोन पुरुष गॅलरीत काचा बघत राहिले आणि एक बाई, वयस्क, जाड भिंगांच्या चष्म्याची हवालदारीण, खुर्ची ओढून ताईसमोर बसली. तिच्या चष्म्याची एक काडी सैल होती, ती सारखी वर सारत होती. ताईचा डावा हात ती नीट करायला नकळत पुढे गेला आणि मागे आला.

"जाताना तो शुद्धीवर आला होता," हवालदारीण म्हणाली. "म्हणतो, बायकोने ढकललं. ठार मारायला."

भिंतीशी बसलेल्या धाकटीने तोंड उघडलं. सगळं कबूल करून मोकळं व्हावं असा तिचा चेहरा झाला होता. आप्पांसमोर व्हायचा तसाच.

"ती बोलणार नाही," ताई म्हणाली. "तिला एका कानाने ऐकू येत नाही. मला विचारा."

"बरं. सांगा."

"अंगठा त्याने मोडला. दात त्याने पाडला. तिचा कान त्याने आधी फोडला होता, आज पुन्हा फोडला. तिच्या पाठीवर ज्या पट्टीचे वळ आहेत, ती त्याची. बघा, त्या कोपऱ्यात पडलीय. हे सगळं असंच लिहा, एक शब्द गाळू नका."

हवालदारीण लिहीत होती. "आणि तो काचेतून कसा गेला?"

ताईने फरशीकडे पाहिलं. चहा पसरला होता, त्यात रक्त मिसळलं होतं, आणि त्यातून एक लांब घसरा दाराकडे गेला होता. तिच्या स्वतःच्या सरकण्याचा.

"घसरला," ती म्हणाली.

हवालदारणीने पेन थांबवलं. हा शब्द तिने आयुष्यभर लिहिला असणार. बायकांच्या तोंडून, बायकांविषयी. तिने चष्मा वर सारला, धाकटीच्या पाठीकडे पाहिलं, ताईच्या सुजून काळ्या पडलेल्या अंगठ्याकडे पाहिलं, आणि मग ताईच्या डोळ्यांत.

"तुम्ही स्वतः पाहिलंत?"

"पाहिलं तेवढंच सांगतेय," ताई म्हणाली.

हवालदारणीने कागद जवळ ओढला. मग मान खाली घालून तिने ते ठळक अक्षरांत लिहिलं.